पदक कॉलेजांचं, कुऱ्हाडही कॉलेजांचीच

अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज जिम्नॅस्टिक्सचा विषय निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'टायटल नाइन'चं नाव येतंच. मुलींना समान संधी देणारा कायदा आला, विद्यापीठांना आकडे जुळवायचे होते, म्हणून मुलांचे संघ गेले, असं सांगितलं जातं. माजी खेळाडू हे सांगतात, प्रशिक्षक सांगतात, मुलाला रोज संध्याकाळी जिममध्ये सोडून बाहेर गाडीत बसून राहणारे आईवडीलही सांगतात. त्यांचं दुःख खरं आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दोनशेच्या वर कॉलेजांचे पुरुष संघ होते. १९८१-८२ साली एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या यादीत ७९ उरले. आज सगळे मिळून पंधराच्या आसपास आहेत. त्यांतले पहिल्या श्रेणीचे फक्त बारा, आणि त्या बारांतही तीन संघ लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या अकादमींचे.

एवढी पडझड झाल्यावर माणूस दोषी शोधणारच. पण मला वाटतं, इथे दोषी चुकीचा धरला गेला आहे. आणि तो चुकीचा धरला गेल्यामुळेच पन्नास वर्षांत या खेळाला खरा उपाय सापडलेला नाही.

१९७२ चा हा कायदा मुळात खेळांबद्दल नव्हताच. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही लिंगावरून वगळता येणार नाही, एवढंच तो सांगतो. खेळांपुरता त्याचा अर्थ सरकारनं १९७९ साली लावून दिला. संस्थेनं तीनपैकी एक कसोटी पार करायची: खेळाडूंमध्ये मुलामुलींचं प्रमाण एकूण विद्यार्थ्यांमधल्या प्रमाणाला धरून असावं, किंवा मुलींसाठीच्या संधी सातत्यानं वाढत आलेल्या असाव्यात, किंवा मुलींची आवड आणि कुवत पुरेपूर सामावून घेतलेली असावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीवर वाद घालता येतो. पहिलीत फक्त डोकी मोजायची असतात. वकिलांनी पहिलीच सुरक्षित म्हणून सांगितलं आणि क्रीडासंचालकांनी ती धरून ठेवली.

डोकी मोजायला बसलं की आधी फुटबॉल पुढे येतो. हा अमेरिकी फुटबॉल. एका संघात शंभराहून जास्त मुलं आणि अगदी परवापर्यंत वरच्या श्रेणीच्या प्रत्येक संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या. मुलींचा एवढा मोठा एकही खेळ नाही. पुरुष जिम्नॅस्टिक्सला अख्ख्या संघात मिळून ६.३ शिष्यवृत्त्यांची मुभा होती; पंधरा-वीस मुलांत प्रशिक्षक त्या तुकड्यातुकड्यांनी वाटायचे. आज अमेरिकेच्या कॉलेजांत मुली निम्म्याहून बऱ्याच जास्त आहेत, तेव्हा प्रमाण जुळवायचं तर मुलींचे संघ वाढवावे लागतात किंवा मुलांची संख्या कमी करावी लागते. फुटबॉलच्या शंभरांतून वीस मुलं कमी करायला कुणी तयार नव्हतं. जिम्नॅस्टिक्सचे वीस कमी करणं सोपं होतं. थोरल्याच्या लग्नाचा खर्च हाताबाहेर गेला म्हणून धाकट्याची शाळा बंद करायची आणि शेजारीपाजारी विचारलं तर बहिणीच्या फीमुळे परवडेना असं सांगायचं, तसं हे झालं. बहिणीची फी खरी आहे. पण निर्णय लग्नाच्या खर्चाचा होता.

हे माझं नुसतं मत नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. दोनशेच्या वरून ७९ वर येण्याची सगळ्यात मोठी घसरण १९८१ च्या आधी झाली. तेव्हा टायटल नाइनचे नियम नवे होते आणि त्यांची अंमलबजावणी जेमतेम सुरू झाली होती. पुढे १९८४ साली ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा असा संकुचित अर्थ लावला, की क्रीडा विभाग जवळजवळ त्याच्या कक्षेबाहेर गेले. १९८८ साली अमेरिकी संसदेनं नवा कायदा करून ते परत आत आणले. त्या चार वर्षांत कायद्याचा धाक नव्हता, म्हणजे मुलांचे छोटे खेळ तरायला हवे होते. तसं झालं नाही. कुस्तीचे संघ तर त्या चार वर्षांत नंतरच्या काळापेक्षा जास्त वेगानं बंद झाले.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मुलींचं कॉलेज जिम्नॅस्टिक्ससुद्धा आटलं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलींचे १८० च्या आसपास संघ होते, आज त्याच्या निम्मेही नाहीत. ज्या कायद्यानं मुलांचा खेळ मारला असं म्हणतात, तोच कायदा हाताशी असून मुलींच्या याच खेळाचे निम्म्याहून जास्त संघ गेले. म्हणजे या खेळाला पोखरणारं आणखीही काही होतं.

त्यातला एक भाग विम्याचा आणि खटल्यांच्या भीतीचा. आयोवा विद्यापीठाचा जिम्नॅस्ट जॉर्ज निसेन यानं १९३४ साली आपले प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांच्यासोबत पहिला आधुनिक ट्रॅम्पोलिन बनवला. हे साधन देशभरच्या शाळांत पोचलं, दुखापती झाल्या, दावे लागले. १९७७ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ट्रॅम्पोलिन शाळांतून काढून टाकावा अशी भूमिका घेतली. ट्रॅम्पोलिनबरोबर एकंदर जिम्नॅस्टिक्सच शाळांना जोखमीचं वाटू लागलं. मुलांचं शालेय जिम्नॅस्टिक्स आज इलिनॉयसारख्या मोजक्या राज्यांत उरलं आहे. बाकी ठिकाणी मुलगा खाजगी क्लबमध्ये जातो आणि त्याची फी घरातून भरली जाते. शाळेत खेळ नाही म्हणून गावात प्रेक्षक नाही, प्रेक्षक नाही म्हणून कॉलेजात कुणी ओरड करत नाही. ही साखळी टायटल नाइननं बनवलेली नाही.

कायद्यानं प्रत्यक्षात काय केलं ते तीन विद्यापीठांच्या गोष्टींत दिसतं.

पहिली यूसीएलएची. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा याच विद्यापीठाच्या आवारात, पॉली पॅव्हिलियनमध्ये झाल्या. सोव्हिएत संघ बहिष्कारामुळे आला नव्हता, पण विश्वविजेता चीन आला होता. अमेरिकेच्या पुरुषांनी चीनला अवघ्या सहा दशांश गुणांनी हरवून सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या संघातले पीटर विडमार, मिच गेलॉर्ड आणि टिम डॅगेट हे तिघेही यूसीएलएचे. जिम हार्टुंग आणि स्कॉट जॉन्सन नेब्रास्काचे, बार्ट कॉनर ओक्लाहोमाचा. सहा माणसं, तीन विद्यापीठं आणि ऑलिम्पिकचं सांघिक सुवर्ण. अमेरिकेच्या पुरुषांना ते त्यानंतर मिळालेलं नाही. त्याच वर्षी यूसीएलएनं कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, १९८७ साली पुन्हा जिंकली.

आणि १९९३ साली विद्यापीठानं तीन संघ बंद करायचं ठरवलं: पुरुषांचं जलतरण, पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स आणि महिलांचं जिम्नॅस्टिक्स. कारण पैशांची टंचाई. महिलांनी टायटल नाइनचा आधार घेऊन कोर्टात जायची तयारी केली आणि त्यांचा संघ परत आला. पुरुषांचे दोन्ही संघ १९९४ साली संपले. परत आलेल्या महिला संघानं १९९७ साली पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि पुढे त्यात भर घालत गेला. त्याच संघातून मोहिनी भारद्वाज घडली, जिचे वडील भारतीय आहेत आणि जिनं २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेसाठी सांघिक रौप्य जिंकलं. तो संघ कायद्यानं वाचवला नसता तर त्या मुलींना ते व्यासपीठच मिळालं नसतं. २०२८ साली ऑलिम्पिक पुन्हा लॉस एंजेलिसला येत आहे आणि खेळाडूंचं निवासस्थान यूसीएलएच्या आवारातच असणार आहे. तिथे राहायला येणाऱ्या अमेरिकी पुरुष जिम्नॅस्टना मात्र त्या विद्यापीठाचा स्वतःचा संघ भेटणार नाही.

दुसरी गोष्ट आयोवाची. ऑगस्ट २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत या विद्यापीठानं चार संघ बंद केले: पुरुष जिम्नॅस्टिक्स, पुरुष टेनिस आणि पुरुष व महिलांचं जलतरण. जलतरणपटू मुली कोर्टात गेल्या आणि त्यांचा संघ राहिला. मुलांचे तिन्ही गेले. ज्या विद्यापीठातून ट्रॅम्पोलिन जगभर गेला, त्या विद्यापीठात आज पुरुष जिम्नॅस्टिक्स नाही.

तिसरी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी या जुन्या कॉलेजची. तिथे सप्टेंबर २०२० मध्ये सात संघ बंद झाल्याची घोषणा झाली. दाव्याच्या धास्तीनं आधी मुलींचे संघ परत आले. पण माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पत्रं लिहिली, हिशेब मागितले, पैसे उभे केले. क्रीडासंचालकांना तर मुलींचे संघ परत येण्याआधीच पद सोडावं लागलं होतं; शेवटी मुलांचे संघही परत घेतले गेले. आज पहिल्या श्रेणीत जे बारा संघ आहेत त्यांत हा एक आहे.

तिन्ही ठिकाणी कुऱ्हाड मुलामुलींवर एकदम चालली. मुली वाचल्या, कारण त्यांच्या पाठीशी कायदा होता. मुलं गेली, कारण त्यांच्या पाठीशी काहीच नव्हतं, आणि जिथे माजी विद्यार्थी उभे राहिले तिथे तीही वाचली. हे पाहिल्यावर मुलींचा कायदा सैल करा ही मागणी मला पटत नाही. तो सैल केला असता तर यूसीएलएत दोन्ही जिम्नॅस्टिक्स संघ गेले असते, एवढंच. अमेरिकेतल्या कुस्ती प्रशिक्षकांच्या संघटनेनं २००२ साली सरकारवर दावा लावून पाहिला होता. तो दोन वर्षांत वरच्या कोर्टातही निकालात निघाला. त्यात गेलेली शक्ती फुटबॉलच्या खर्चावर प्रश्न विचारण्यात गेली असती तर काही हाती लागलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

फुटबॉलच्या पैशाचं बोलायचं तर मिनेसोटाचं उदाहरण मला सगळ्यात जास्त खुपतं. या विद्यापीठाचा जिम्नॅस्टिक्स संघ शंभर वर्षांहून जुना. सप्टेंबर २०२० मध्ये तो बंद करण्याचा प्रस्ताव आला. कारण दिलं गेलं ते साथीमुळे होणारा कोट्यवधी डॉलरचा तोटा आणि टायटल नाइनचं प्रमाण. त्या वेळी तिथल्या मुख्य फुटबॉल प्रशिक्षकाचं वेतन वर्षाला चाळीस लाख डॉलरच्या वर होतं. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाचा कारभार बघणाऱ्या रीजंट मंडळात मतदान झालं आणि प्रस्ताव ७ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. एका माणसाचं मत फिरलं असतं तर बरोबरी झाली असती. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा मिनियापोलिसला, त्यांच्याच सभागृहात भरली. संघाचा तो शेवटचा सामना होता. त्याच उन्हाळ्यात मिनेसोटाचा शेन विस्कस टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळला.

आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मिनेसोटा आणि आयोवा ज्या बिग टेन गटात आहेत त्या गटानं टीव्ही प्रक्षेपणाचा सात वर्षांचा करार केला. रक्कम सातशे कोटी डॉलरच्या वर. तोटा भरून निघाला, त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा आला. बंद केलेले संघ मात्र परत सुरू झाले नाहीत. तोटा हे खरं कारण असतं तर तोटा संपल्यावर संघ परत आले असते. मोठ्या विद्यापीठांत फुटबॉलचे आघाडीचे सहायक प्रशिक्षकही आज वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमावतात. एक जिम्नॅस्टिक्स संघ वर्षभर चालवायला या घडीला याहून फार वेगळी रक्कम लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: फुटबॉल कमावतो म्हणून बाकीचे खेळ जगतात. काही विद्यापीठांपुरतं ते खरं आहे. पण करोनापूर्वीच्या वर्षांत वरच्या श्रेणीतल्या शे-सव्वाशे क्रीडा विभागांपैकी स्वतःच्या कमाईवर खर्च भागवणारे दोन-तीन डझनांच्या वर नव्हते. बाकीचे सगळे विद्यार्थ्यांच्या फीतून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून पैसे घेत होते. मुलाच्या किंवा मुलीच्या फीचं बिल नीट वाचलं तर अनेक ठिकाणी क्रीडा विभागाच्या नावाची रक्कम सापडेल. म्हणजे हा पैसा फुटबॉलचा घरचा पैसा नाही. तो सगळ्यांचा आहे आणि त्याचं वाटप कसं व्हावं यावर सगळ्यांना बोलता येतं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: हा खेळ बघायला येतं कोण? युटा विद्यापीठाच्या मुलींच्या सामन्यांना दहा हजारांच्या वर माणसं येतात. मुलांच्या सामन्यांना बऱ्याचदा खेळाडूंचे नातेवाईक आणि मित्र येतात. याचा थोडा दोष पुरुष जिम्नॅस्टिक्सच्या कारभाऱ्यांना द्यावाच लागेल. मुलींच्या कॉलेज स्पर्धेनं दहापैकी गुण ही जुनी पद्धत टिकवली. ९.९ ऐकलं की पहिल्यांदा आलेल्या आजीलाही कळतं की मुलगी छान खेळली. पुरुषांनी आंतरराष्ट्रीय गुणपद्धत घेतली. त्यात काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे आणि वर मर्यादा नाही. १३.८ चांगले की वाईट हे जाणकाराशिवाय कुणाला सांगता येत नाही. ऑलिम्पिकची तयारी व्हावी म्हणून ही पद्धत ठेवली हे मला समजतं, पण त्यासाठी प्रेक्षक गमावणं परवडणारं नव्हतं. फलकावर दोन्ही आकडे सोप्या भाषेत दाखवता येतात, सामना दोन तासांत आटोपता येतो, मुलामुलींचे सामने एकाच संध्याकाळी एकाच सभागृहात घेता येतात. काही विद्यापीठं असं करूही लागली आहेत. हा मार्ग सगळ्यांनी दहा वर्षांपूर्वीच धरायला हवा होता.

तरीही प्रेक्षकसंख्या हाच निकष लावला तर विद्यापीठात संस्कृत राहणार नाही आणि खगोलशास्त्रही राहणार नाही. विद्यापीठ हे नाट्यगृह नाही. तिथे मुलं काय होऊ शकतात हे बघायचं असतं.

या खेळात तर मुलं काय होऊ शकतात हे कॉलेजच्याच वयात कळतं. मुलींच्या जिम्नॅस्टिक्समध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी ऑलिम्पिक विजेत्या झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पुरुषांचं तसं नाही. सहा साधनांपैकी रिंग्जवर हात आडवे पसरून शरीर हवेत स्थिर धरायचं तर पूर्ण वाढ झालेल्या पुरुषाचे खांदे लागतात. पॉमेल हॉर्सवर संपूर्ण भार मनगटांवर घेऊन फिरत राहायचं तर वर्षानुवर्षांची तालीम लागते. अठराव्या वर्षी मुलाचं शरीर या खेळासाठी नुकतं तयार होऊ लागतं. नेमका त्याच वेळी त्याचा क्लब संपतो आणि कॉलेज सुरू होतं. कॉलेजात संघ नसेल तर दहा-बारा वर्षांची मेहनत फळ धरण्याच्या आधीच थांबते. हा खेळ अठराव्या वर्षी तोडणं म्हणजे तो मुळातच तोडणं आहे.

अमेरिकेत दुसरी सोयही नाही. आपल्याकडे खेळाडूला रेल्वे आहे, सेनादल आहे, क्रीडा प्राधिकरण आहे. कमीजास्त का होईना, आधार आहे. अमेरिकेत क्रीडा मंत्रालयच नाही. तिथली ऑलिम्पिक समिती सरकारी अनुदानावर चालत नाही. जपानमध्ये जुंतेंदोसारखी विद्यापीठं आहेत आणि शिवाय खेळाडूंना नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे संघ आहेत. पॅरिसमध्ये वैयक्तिक सर्वंकष सुवर्ण जिंकणारा शिन्नोसुके ओका तोकुशुकाई या रुग्णालय समूहाच्या संघाचा. चीनमध्ये सरकार आहे. अमेरिकेत मात्र फक्त कॉलेज आहे.

ते कॉलेज काय करून दाखवतं हे २९ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये दिसलं. जपान आणि चीनच्या मागे अमेरिकेच्या पुरुषांनी सांघिक कांस्य मिळवलं, सोळा वर्षांनी. ब्रोडी मलोन आणि अॅशर हाँग स्टॅनफर्डचे, फ्रेडरिक रिचर्ड आणि पॉल जुडा मिशिगनचे, स्टीफन नेदोरोसिक पेन स्टेटचा. पाचपैकी पाच. नेदोरोसिक त्या दिवशी फक्त पॉमेल हॉर्सवर उतरला आणि त्यानंतर जगभर लोकांनी त्याचा चष्मा काढून ठेवतानाचा व्हिडिओ पाहिला. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, पदवी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची, आणि त्याच साधनावर तो २०२१ साली विश्वविजेता झाला होता. ज्या कॉलेज पद्धतीनं त्याला इंजिनियरही होऊ दिलं आणि विश्वविजेताही, तिचं मोल आपल्या मराठी आईवडिलांना वेगळं सांगायला नको. खेळ की शिक्षण, हा प्रश्न आपल्या घराघरांत मुलाला दहावीच्या आसपास विचारला जातो आणि खेळ हरतो. या मूठभर संघांमधली मुलं रोज दोन्ही करतात.

त्याआधीचं सांघिक पदक २००८ चं, बीजिंगचं, तेही कांस्यच. त्या संघात राज भावसार होता. ह्यूस्टनचा, भारतीय आईबापांचा मुलगा, ओहायो स्टेट विद्यापीठात घडलेला. २००४ साली त्याला राखीव म्हणून बाहेर बसावं लागलं. २००८ सालीही आधी राखीवच ठरला होता. पॉल हॅम दुखापतीमुळे बाहेर पडल्यावर त्याला जागा मिळाली आणि सत्ताविसाव्या वर्षी तो पदक घेऊन आला. कॉलेजनं चार वर्षं धरून ठेवलं नसतं तर इतकी वाट पाहण्याची ताकद कुठून आली असती? आज ह्यूस्टन, डेट्रॉइट किंवा बे एरियातल्या क्लबमध्ये उड्या मारणाऱ्या भारतीय मुलाला पहिल्या श्रेणीची फक्त बारा दारं उघडी आहेत. त्यातली तीन सेनादलांची; तिथे शिकायचं तर पुढे लष्करात सेवा देणं बंधनकारक.

ज्यांचे संघ गेले त्यांनी हार मानलेली नाही, हे सांगायलाच हवं. अॅरिझोना स्टेटचा संघ १९९३ साली बंद झाला, फिलाडेल्फियाच्या टेंपलचा २०१४ साली. दोन्हीकडच्या मुलांनी क्लब म्हणून खेळ चालू ठेवला. मिनेसोटाची मुलंही त्याच वाटेनं गेली. अशा क्लब संघांनी एकत्र येऊन 'जिमॅक्ट' ही संघटना केली, स्वतःच्या स्पर्धा सुरू केल्या. विद्यापीठाचं नाव आहे, पण विद्यापीठाचा पैसा नाही. तालमीची जागा बघण्यापासून प्रवासखर्चापर्यंत सगळं मुलांनी आणि माजी खेळाडूंनी उभं करायचं. इलिनॉयमधल्या ग्रीनव्हिल आणि आयोवातल्या सिंपसन या छोट्या, शिष्यवृत्ती न देणाऱ्या श्रेणीतल्या कॉलेजांनी अलीकडे नवे संघही उभे केले आहेत. विद्यार्थीसंख्या टिकवायला धडपडणाऱ्या छोट्या कॉलेजला संघ म्हणजे फी भरणारी वीस मुलं, हे गणित त्यांना कळलं. कोट्यवधींचा करार हाती असलेल्यांना न परवडलेली गोष्ट या कॉलेजांना परवडली, याचा विचार व्हायला हवा.

कारण पुढचा धोका मोठा आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी कॉलेज खेळाडूंनी कमाईतल्या वाट्यासाठी लावलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. ज्या खेळाडूंच्या जिवावर कोट्यवधी मिळवले त्यांना वाटा मिळतो आहे, हे न्यायाचंच आहे आणि त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण बहुतेक मोठ्या विद्यापीठांत यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास हिस्सा फुटबॉलला आणि उरलेल्यातला बराचसा पुरुष बास्केटबॉलला जातो. हे दोन कोटी कुठून काढायचे, या प्रश्नाला छोटे खेळ हे जुनं उत्तर पुन्हा तयार आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीनं मार्च २०२५ मध्ये याच तडजोडीच्या खर्चाकडे बोट दाखवत पोहण्याचे संघ बंद केले. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा उठली, म्हणून कागदावर जिम्नॅस्टिक्सच्या वीसही मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पैसे मात्र त्या कागदाबरोबर आलेले नाहीत. जुलै २०२५ मध्ये अध्यक्षांनी आदेश काढून मोठ्या कमाईच्या क्रीडा विभागांनी बिगर-कमाईच्या खेळांच्या शिष्यवृत्त्या वाढवाव्यात असं म्हटलं. आदेश चांगला आहे, पण असे आदेश पुढचा अध्यक्ष एका सहीनं मागे घेऊ शकतो.

मला वाटतं, मागणी टीव्ही कराराच्या पैशावर व्हायला हवी. सार्वजनिक विद्यापीठांच्या गटानं प्रक्षेपणाचा करार केला की त्यातला ठरावीक टक्का ऑलिम्पिक खेळांच्या संघांसाठी, मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही, बांधून ठेवायचा. एखादा संघ बंद करण्याआधी माजी विद्यार्थ्यांना दोन-तीन वर्षांची मुदत द्यायची, म्हणजे त्यांना कायमनिधी उभारता येईल. विल्यम अँड मेरीत काही महिन्यांच्या ओरडीनं जे झालं, ते पुरेशा मुदतीत कितीतरी ठिकाणी होईल. आणि बंद करायचंच तर उघड हिशेबानिशी, फुटबॉलच्या खर्चाचा आकडा त्याच पानावर शेजारी छापून. यातल्या एकाही गोष्टीसाठी मुलींच्या एकाही संघाला धक्का लावावा लागत नाही.

हे घडवून आणण्याची ताकद अमेरिकेतल्या मराठी माणसांकडेही आहे. उरलेल्या बारांत मिशिगन, इलिनॉय, ओहायो स्टेट, पेन स्टेट, स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत. आपली मुलं याच विद्यापीठांत शिकतात, आपण तिथे फी भरतो, माजी विद्यार्थी म्हणून देणग्या देतो. देणगीच्या चेकबरोबर ती कोणत्या संघासाठी आहे हे लिहून देता येतं. मिनेसोटाचे रीजंट राज्याचं विधिमंडळ निवडतं. नेब्रास्का आणि मिशिगनमध्ये ते थेट मतदारांच्या मतांनी निवडले जातात, पक्षाच्या चिन्हासकट किंवा चिन्हाशिवाय, मतपत्रिकेच्या खालच्या भागात, जिथपर्यंत आपल्यातले पुष्कळ जण पोचतच नाहीत. अॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाच्या संघानं पॅरिसच्या पाचांपैकी दोन दिले आणि २०२५ चं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. तिथल्या पुढच्या निवडणुकीत रीजंटपदाचा उमेदवार मतं मागायला आला, की त्याला दोन प्रश्न विचारावेत: फुटबॉलचा खर्च पुढच्या पाच वर्षांत किती वाढणार आहे, आणि जिम्नॅस्टिक्सचा संघ पाच वर्षांनी असेल का. उत्तर लेखी मागावं.